वेढा कसा घालायचा? आमचा हिवरकोट आणि शेजारचा असीरगड

(एपिसोडचं लेखी रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

ट्रेनमध्ये असाल, रेंज येत-जात असेल, तर ऐकण्यापेक्षा हे वाचलेलं बरं. आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता: रोलप्ले गेममध्ये एखाद्या तटबंदीच्या शहराला वेढा घालायचा असेल तर त्याचं प्लॅनिंग कसं करायचं? मी हे टाळत होतो. कारण आमच्या ग्रुपमध्ये याच वेढ्यावरून जोरदार भांडण झालं होतं आणि चूक माझी होती. पण आता सांगतो.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. रोलप्ले म्हणजे पाच-सहा जणांनी मिळून रचलेली गोष्ट. प्रत्येक जण एक पात्र चालवतो. एक जण उरलेलं सगळं जग चालवतो, त्याला आम्ही जीएम म्हणतो. जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा यातला सगळ्यात प्रसिद्ध गेम १९७४ साली अमेरिकेत आला. त्याच्या आधी १९७१ मध्ये 'चेनमेल' नावाचं नियमांचं पुस्तक आलं होतं. ते टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचं. म्हणजे या छंदाचं मूळच लढाईत आहे. फरक एवढाच की तिथे तुम्ही वरून सगळं सैन्य बघता आणि इथे तुम्ही त्या सैन्यातला एक माणूस असता. वेढ्याचा घोळ इथेच होतो.

आमचा ग्रुप भुसावळचा. सगळे शाळेतले. आता कोणी पुण्यात, कोणी नाशकात, एक जण गल्फमध्ये, एक अजून रेल्वे कॉलनीतच. दर शनिवारी रात्री दहाला डिस्कॉर्डवर बसतो. मी जीएम. आमच्या गोष्टीत डोंगरावर हिवरकोट नावाचं एक शहर आहे, खिंडीवर नजर ठेवणारं. चार मैत्रांची पात्रं बाहेरच्या सैन्यात आणि एका मैत्रिणीचं पात्र हिवरकोटची किल्लेदार. दीड वर्ष ती ते पात्र चालवत होती. गोष्ट वळत वळत अशा जागी आली की आता वेढा पडणार.

हल्लेखोर चौघांनी वेगळा ग्रुप काढला आणि तीन आठवडे नकाशे, शिड्या, सुरुंग, जादूगार कुठे उभा करायचा, सगळं ठरवलं. त्यांनी विचारलं तसं मी हो म्हणत गेलो, कारण प्लॅन खरंच भारी होता. ज्या शनिवारी तो अमलात आणला त्या रात्री किल्लेदारणीला मी चार वेळा विचारलं, "तू काय करतेस?" आणि चारही वेळा तिनं जे सांगितलं त्याला त्यांच्याकडे आधीच उत्तर होतं. दोन तासांत तट पडला. ती म्हणाली, "तुम्ही तीन आठवडे खेळलात. मी काय इथं फक्त हरायला बसले होते का?" आणि कॉलवरून गेली. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधूनही.

मला आधी राग आला. हरली म्हणून चिडली, असं वाटलं. मग दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा कॉलनीतला तो मित्र म्हणाला, "चल रे भो, असीरगड बघून येऊ. एवढा वेढा वेढा करतोय, खरा तरी बघ."

आपल्या खान्देशात वाढलेल्या किती जणांनी असीरगड बघितलाय? मी तरी अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत नव्हता बघितला. भुसावळहून खंडव्याची गाडी धरायची, सावदा, निंभोरा, रावेर, केळीच्या बागा संपता संपता बऱ्हाणपूर. तिथून इंदूरच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर. सातपुड्यात खिंडीच्या डोक्यावर हा गड बसलाय. एका बाजूला तापीचं खोरं, दुसऱ्या बाजूला नर्मदेचं. उत्तरेतून दक्षिणेत येणारा जुना रस्ता याच्या पायथ्यानं जातो, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणायचे. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण त्या काळी तो खान्देशच्या फारुकी सुलतानांचा होता. त्यांची गादी आधी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला होती, नंतर बऱ्हाणपूरला.

गडाचे तीन भाग. खाली मलयगड, मध्ये कमरगड, सगळ्यात वर असीरगड. पायथ्यापासून माथा अडीचशे मीटरच्या आसपास उंच. वर तळी आहेत, मशीद आहे, इंग्रजांच्या बराकींचे पडके सांगाडे आहेत, महादेवाचं देऊळ आहे, तिथे अश्वत्थामा अजून पूजेला येतो अशी श्रद्धा आहे. वर पोचल्यावर मी तटाच्या कडेला जाऊन खाली बघितलं आणि पहिला विचार आला तो हा: आमच्या चौघांनी इथे शिड्या लावल्या असत्या?

आता खरी गोष्ट. १६०० साली अकबर स्वतः सैन्य घेऊन बऱ्हाणपुरात आला. खान्देशचा सुलतान बहादूरशाह असीरगडावर जाऊन बसला. याचे वडील राजा अलीखान मोगलांच्या बाजूनं लढताना १५९७ मध्ये गोदावरीकाठी मारले गेले होते. पोराला मात्र अकबरापुढे जाऊन उभं राहायचं नव्हतं. शहर सहज मिळालं, गड नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गड तसाच. हिंदुस्थानातला सगळ्यात ताकदवान बादशाह बऱ्हाणपुरात बसून आहे आणि वीस किलोमीटरवरचा एक डोंगर हातात येत नाही. शेवटी १६०१ च्या जानेवारीत गड मिळाला. आणि तोही तट फोडून नाही.

मग कसा? इथे दोन गोष्टी सांगितल्या जातात. अकबराच्या बाजूच्या फारसी तवारिखांमध्ये येतं की गडावर माणसं आणि जनावरं यांची प्रचंड गर्दी झाली, रोगराई पसरली, लोक मरायला लागले, शिबंदीचं मन खचलं. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात येतं की अकबरानं बहादूरला सुरक्षित परत पाठवायची शपथ घेऊन बोलणीला खाली बोलावलं, मग अडकवून ठेवलं. तरी गड लढत राहिला, तेव्हा अधिकाऱ्यांमध्ये पैसा वाटून दरवाजा उघडवला. इतिहासकार यावर शंभर वर्षं भांडतायत. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली, एवढं दोन्हीकडे पक्कं. लढून मिळालं ते मुख्यतः खालचं मलयगड, १६०० च्या अखेरीला, आणि तेही एक आडवाट कळली म्हणून रात्रीत चढून. त्यात अबुल फजल स्वतः होता. हो, तोच, 'अकबरनामा' लिहिणारा.

विजय केवढा मोठा वाटला असेल बघा. अकबरानं असीरच्या नावानं सोन्याची मोहोर पाडली, तिच्यावर बहिरी ससाण्याचं चित्र. आणि खान्देशचं नाव शहजादा दानियालवरून 'दानदेश' केलं. ते काही टिकलं नाही. नशीब.

गडावर बसून डब्यातलं भरीत-भाकरी खाताना मी मित्राला म्हटलं, आमच्या प्लॅनमध्ये यातलं काहीच नव्हतं. रोग नाही, पैसा नाही, शपथ नाही, पाऊस नाही. फक्त तट होता.

तुमच्या गेमसाठी माझं पहिलं म्हणणं हेच. वेढ्याचा प्लॅन तटापासून सुरू करू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात किल्ला घेण्यावर एक अख्खं अधिकरण आहे. त्यात पाच उपाय एका ओळीत मोजलेत: आधी फितूर करणं, मग हेर, मग शत्रूला किंवा त्याच्या लोकांना बाहेर काढणं, मग वेढा, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष हल्ला. क्रम बघा ना. बहुतेक ग्रुप पाचव्यापासून सुरू करतात, कारण फासे तिथेच जास्त टाकायला मिळतात. औरंगजेबाचंच घ्या. १७०० नंतर त्यानं सह्याद्रीतले किल्ले एकामागून एक घेतले, पण त्यातले बरेचसे पैसे मोजून. विशाळगडासाठी १७०२ मध्ये दोन लाख रुपये दिले. खरंखुरं लढून घेतलेला म्हणून तोरण्याचं नाव घेतात, १७०४ चा.

दुसरं म्हणजे गणित. मी इंजिनीअर माणूस, मला इथे मजा येते, तुम्हाला कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडा. आमच्या चौघांच्या प्लॅनमध्ये एक वाक्य होतं, "गरज पडली तर सहा महिने बसू." बसा. सैनिक ५,०००. त्यांच्यामागे नोकर, लोहार, व्यापारी, बायका-मुलं, ज्यांना बाजारबुणगे म्हणतात, ते निदान तेवढेच. म्हणजे तोंडं १०,०००. माणशी रोज एक किलो धान्य धरा, १० टन. घोडे १,०००, प्रत्येकी चार किलो दाणा, ४ टन. वैरण वेगळी. रोजचे १४ टन झाले. पाठीवर गोणी लादलेला बैल ढोबळ १०० किलो नेतो, म्हणजे रोज १४० बैल यायला हवेत. धान्याचा बाजार तीन दिवसांवर असेल तर जायला तीन, यायला तीन, म्हणजे रस्त्यावर सतत ८४० बैल. ते कोणाचे? त्या काळी हे काम वंजाऱ्यांचे तांडे करायचे आणि मोगल फौजा त्यांच्यावरच जगायच्या. आता सांगा, किल्लेदारणीनं रात्री वीस घोडेस्वार पाठवून एका तांड्याला अडवलं, किंवा नायकाला जास्त भाव दिला, तर? हा डाव तिला मिळायला हवा होता. मी दिलाच नाही, कारण तांडा माझ्या जगात अस्तित्वातच नव्हता.

हे सगळं गूगल शीटमध्ये टाकलं तेव्हा उजेड पडला की वेढा ही लढाई नाहीच, दोन पोटांची शर्यत आहे. बाहेरचाही भुकेला असतो. अकबराला बाहेरची आणखी एक घाई होती. तो इकडे असताना मोठा मुलगा सलीम अलाहाबादेत बंडाच्या तयारीत होता. तुमच्या हल्लेखोर राजाच्या घरी काय चाललंय? हा प्रश्न जीएमनं विचारलाच पाहिजे.

आणि पाऊस. इंग्रजी पुस्तकांवरून गेम चालवणाऱ्यांना हिवाळ्याची भीती घालायची सवय असते. आपल्याकडे वेढा मोडायचा तो मृगानं. विशाळगड मिळाल्यावर औरंगजेब जूनमध्ये पन्हाळ्याकडे परत निघाला. अंतर तीस मैल, साधारण पन्नास किलोमीटर. लागले ३८ दिवस. नद्यांना पूर, जनावरं वाहून जातायत, तंबू चिखलात. तुमच्या कल्पित जगाला स्वतःचा पाऊस असेल तर कॅलेंडरवर त्याची तारीख आधी लिहा आणि दोन्ही बाजूंना सांगून टाका. ते गुपित ठेवण्यात काही अर्थ नाही. शेतकऱ्याला जे माहीत असतं ते सेनापतीलाही असणारच.

आता आतली बाजू. माझ्या मते गेममध्ये हीच जास्त श्रीमंत असते आणि हिच्याकडेच सगळे दुर्लक्ष करतात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर मोठा भाग आहे, १७१५ च्या सुमाराचा. त्यात किल्ला बांधण्याआधी पाणी बघा म्हणून बजावलंय. एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी-तळी करा. एकच दरवाजा ठेवू नका, चोरदिंड्या ठेवा. हे वाचताना मला आमच्या ऑफिसातल्या सीनिअरचा आवाज ऐकू आला, जो प्रत्येक मीटिंगमध्ये विचारतो, "हे एक बंद पडलं तर काय?"

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सभासदाच्या बखरीतली आहे. शिवाजी महाराजांच्या प्रत्येक गडावर एक मालक नसायचा. हवालदार, सबनीस, सरनोबत, तिघं बरोबरीचे. एकाच्याच हातात सगळं नाही. फितुरी करायची तर तिघांना गाठायला हवं. आता ज्या बँकेत मोठी रक्कम काढायला दोन सह्या लागतात, किंवा कोड चढवायला दुसऱ्याची मंजुरी लागते, तिथे हेच तत्त्व आहे. कौटिल्याचा पहिला उपाय फितुरी, आणि त्याला दिलेलं हे उत्तर. तुमच्या शहरात दरवाज्याची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी ठरवा. मग हल्लेखोरांना खरा प्लॅन करावा लागतो: त्या तिघांतला कोण नाराज आहे, कोणाचं कर्ज झालंय, कोणाचा मुलगा बाहेर अडकलाय.

सुरुंगाचंही तसंच. आमच्या चौघांनी सुरुंग लावला, फासा टाकला, बुरूज उडाला, विषय संपला. अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर) १५९५-९६ चा वेढा बघा. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आत चांदबिबी होती. आतल्यांना खबर लागली, त्यांनी उलट बाजूनं खणून काही सुरुंग निकामी केले. एक उडाला, तटाला मोठं भगदाड पडलं, तरी हल्ला परतवला आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. त्या वेढ्यात बाहेरच्या सैन्यात आपला राजा अलीखानही होता. म्हणजे सुरुंग हा एक फासा नव्हे. कुठे खणतायत हे ओळखणं, उलट खणणं, उडाल्यावर भगदाडात उभं राहणं, रात्री दगड रचणं, यातला प्रत्येक एक प्रसंग आहे आणि प्रत्येकात आतल्या माणसाला काहीतरी करता येतं.

जादूचं काय, असं नेहमी विचारतात. उडणारा जादूगार असेल तर तटाला अर्थ काय? बरोबर आहे, पण त्याचंही उत्तर असीरगडावरच आहे. १८१९ मध्ये नागपूरचे अप्पासाहेब भोसले पळून या भागात आले, गड शिंद्यांच्या बाजूनं जसवंतराव लाडच्या ताब्यात होता, आणि इंग्रजांनी वेढा घातला. मार्चमध्ये सुरू झालेला वेढा ९ एप्रिलला संपला. अकबराला महिनोन् महिने लागले होते, इथे तीन आठवडे, कारण इंग्रजांकडे जड तोफा होत्या. तुमच्या जगातली जादू ही तशी तोफ आहे. ती नवीन असेल तर जुने तट पडणारच, आणि ती गोष्ट तशी सांगा. पण जादू पाचशे वर्षं जुनी असेल आणि लोक अजूनही तट बांधत असतील, तर त्या तटाकडे जादूचं उत्तर असलंच पाहिजे. नाहीतर ते इतके मूर्ख का, हे जीएमला सांगावं लागेल.

तर पुन्हा हिवरकोट. भुसावळहून परतल्यावर मी त्या मैत्रिणीला फोन केला. मेसेज नाही, फोन. म्हटलं, तू बरोबर होतीस, तो शनिवार आपण रद्द धरू, पुन्हा मांडू या. ती लगेच हो नाही म्हणाली. म्हणाली, "आधी तू मला सांग माझ्याकडे काय काय आहे. तट सोडून." मी शीट पाठवली.

आता आम्ही असं खेळतो. एक डाव म्हणजे पंधरा दिवस. दोन्ही बाजू आपापले हुकूम लिहून फक्त मला पाठवतात, मी ते एकदम उघडतो. म्हणजे कोणी आधी ऐकून उत्तर तयार ठेवू शकत नाही. प्रत्येक डावात दोन्ही बाजूंना तीन खबरा मिळतात आणि त्यातली एक खोटी असते. वेढा चैत्रात सुरू, पाऊस ज्येष्ठाच्या अखेरीला, म्हणजे हल्लेखोरांकडे सहा डाव. आणि माझ्यावर एक बंधन: शहर पडणार की नाही हे मी मनात ठरवायचं नाही. हे अवघड जातं. जीएमला गोष्टीचा शेवट आधी दिसायला लागतो आणि तो नकळत तिकडे ढकलत राहतो. मागच्या वेळी मी तेच केलं होतं.

पहिल्याच डावात तिच्यासमोर सगळ्यात कठीण प्रश्न आला, आणि तो असीरगडाच्या गर्दीवरून सुचलेला. आसपासच्या गावांतले ४,००० लोक गुरांसकट दरवाज्याशी आले. आत घेणार? शहरात ३,००० लोक आणि ८०० शिबंदी. कोठारात ६०० टन धान्य. फक्त शहराला पुरवलं तर १५७ दिवस, पावसाळा सुरू होऊनही दोन महिने आरामात. सगळ्यांना आत घेतलं तर ७६ दिवस, म्हणजे पाऊस यायच्या पंधरा दिवस आधी कोठार रिकामं. शिधा माणशी ६०० ग्रॅमवर आणला तर सगळे मिळून १२८ दिवस. पण मग अशक्तपणा, गर्दी, एकच तळं, आणि दर डावाला रोगराईचा फासा, प्रत्येक वेळी थोडा अधिक वाईट.

कॉलवर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. हल्लेखोरांपैकी एक जण, ज्याचं पात्र त्याच गावांतलं आहे, हळूच म्हणाला, "घे ना गं आत." आपल्याच प्लॅनच्या विरुद्ध! ती म्हणाली, "तू बाहेरून बोलतोयस. तुला त्यांना गेटवरून हाकललेलं बघावं लागणार नाही." तिनं घेतलं. गुरं पहिल्या पंधरवड्यातच कापून मीठ लावलं, कारण तळ्याचं पाणी गुरं पितात. हे तिचं तिला सुचलं, शीटमध्ये नव्हतं.

बाहेरच्यांचं काय झालं? तिसऱ्या डावात त्यांचा एक तांडा गायब झाला. चौथ्यात घोड्यांचा दाणा अर्ध्यावर आला आणि सरदारांच्या दोन पथकांनी पगार मागितला. जो जादूगार मागच्या वेळी बुरुजावर आग टाकत होता तो आता रोज छावणीच्या विहिरी शुद्ध करत बसलाय, कारण हगवण बाहेरही आहे. तो चालवणारा मित्र म्हणतो की एवढा बोअरिंग आणि एवढा महत्त्वाचा तो आजवर कधीच नव्हता. सुरुंग एक खणला, तिनं पाण्याची परात जमिनीवर ठेवून तरंग बघून ओळखला, उलट खणला. शिड्या अजून एकदाही लागलेल्या नाहीत.

पाचव्या डावात, म्हणजे गेल्या शनिवारी, तिनं पांढरं निशाण दाखवलं. स्वतः खाली येऊन बोलायची तयारी, अट एकच: बोलणी फिसकटली तरी तिला सुरक्षित परत वर सोडायचं. चौघांच्या पात्रांनी, चौघांनीही, शपथ घेतली. ती उतरून छावणीत आली आणि आम्ही तिथे थांबलो.

त्या रात्रीपासून चौघांचा वेगळा ग्रुप पुन्हा पेटलाय. यावेळी मला त्यात घेतलेलं नाही, पण कॉलनीतला मित्र फोनवर सगळं सांगतो. एक म्हणतो, पाऊस पंधरा दिवसांवर आहे, तिला अडकवून ठेवू, गड आपोआप मिळेल. दुसरा म्हणतो, शपथ मोडली तर उद्या कोणता सरदार आपल्याशी बोलणी करेल? तिसरा पगार न मिळालेल्या पथकांची काळजी करतोय. कॉलनीतल्या मित्रानं असीरगड माझ्याबरोबर बघितलाय, त्याला बहादूरशाहचं काय झालं ते माहीत आहे, आणि तो गप्प आहे.

त्यांना अजून माहीत नसलेली गोष्ट अशी की उतरण्याआधी तिनं तीन अधिकाऱ्यांना, हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांना, एकेक बंद हुकूम दिलाय. मी सात दिवसांत वर आले नाही तर तिघांनी एकत्र बसून उघडा. त्यात काय लिहिलंय ते फक्त तिला आणि मला माहीत आहे. हा भाग ते चौघंही ऐकणार, म्हणून इथे सांगत नाही.

शनिवारी रात्री दहाला बसतोय. पुढच्या भागात कळवतो.